फ्लॉपीवरचं जुनं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवरून कसं चालवायचं (डॉसवाल्या पीसीसाठी)

सोलापुरात पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत अजून एखाद्या कारखानदाराच्या घरी, जुन्या हिशोबाच्या वह्यांशेजारी, ३८६ नाहीतर ४८६ पीसी झाकून ठेवलेला सापडतो. त्यात गावातल्याच कुणीतरी डीबेसमध्ये (डेटाबेसचं जुनं सॉफ्टवेअर) लिहिलेला मजुरीचा प्रोग्राम असतो, घरातल्या पोरांचे दोनचार गेम असतात, आणि सगळं फ्लॉपीवर. मग फोन येतो, "सर, मशीन चालू व्हायलंय, पण फ्लॉपी वाचंना गेलंय, काय करू?"

बरं, मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, आणि बऱ्याचदा ती जवळपास रिकामी असते. तरी प्रोग्राम फ्लॉपीच मागतो कारण तो लिहिला गेला तेव्हा समोर दोन फ्लॉपी ड्राइव्हवालं मशीन होतं, ए ड्राइव्हला प्रोग्राम आणि बी ड्राइव्हला डेटा. आयबीएमचा एक्सटी १९८३ ला १० एमबी हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच वर्षी डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) २.० मध्ये सब-डिरेक्टरी, म्हणजे आताचे फोल्डर, आल्या, पण त्याआधीच्या सवयीनं लिहिलेले प्रोग्राम पुढं कितीतरी वर्षं तसेच चालू राहिले. नंतर मशीन बदललं, प्रोग्राम तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरळ कॉपी मारायला सुटू नका, आधी हा प्रोग्राम फ्लॉपी *का* मागतोय ते शोधा. काही प्रोग्रामना फ्लॉपीशी काही घेणंदेणं नसतं, ते फक्त तिथं ठेवलेले असतात. काहींच्या पोटात ए किंवा बी हे ड्राइव्हचं अक्षर लिहिलेलं असतं. काही मुद्दाम ओरिजिनल डिस्क तपासतात. आणि काही तर डॉसलाच विचारत नाहीत, स्वतःच बूट होतात. यातले पहिले दोन प्रकार घरी एका संध्याकाळी सुटतात, आणि आपल्याकडचा हिशोबाचा माल बहुतेक त्यातलाच असतो.

(इथं कमांड मराठीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीत करायच्या.)

आधी फ्लॉपी वाचवा

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी बघा. सव्वापाच इंची असेल तर मधल्या गोल भोकात बोट घालून चकती हळूहळू फिरवायची आणि त्या लांबट खिडकीतून उजेडात तिरकं बघायचं. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, ती फ्लॉपी तशीच घातली तर हेडला घाण लागते आणि पुढची चांगली फ्लॉपी पण ओरखडते. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं बुरशीचा त्रास कोकणापेक्षा कमी, पण लूमच्या शेजारी राहिलेल्या मशीनमध्ये सुताची बारीक धूळ इतकी असते की ड्राइव्ह उघडून हेड इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्याशिवाय मी तर कुठलीच फ्लॉपी घालत नाही. इअरबडचा कापूस हेडला अडकणार नाही हे बघा आणि वरचं हेड उचलताना जोर लावू नका, ते वाकलं की ड्राइव्ह गेला.

मग राईट प्रोटेक्ट. इथं दोन साईजचं उलटं आहे आणि लोक नेमके इथंच गोंधळतात. सव्वापाच इंचीला बाजूची खाच *झाकली* की लिहिणं बंद होतं, साडेतीन इंचीला कोपऱ्यातलं भोक *उघडं* असलं की बंद होतं. ओरिजिनल फ्लॉपी कायम बंद करूनच घालायची. अजून एक, १.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केबीची फ्लॉपी वाचतो छान, पण तिच्यावर लिहू देऊ नका. त्याचा ट्रॅक बारीक असतो, त्यावर लिहिलेलं नंतर खऱ्या ३६० च्या ड्राइव्हला नीट वाचता येईलच असं नाही.

आता इमेज काढा, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची सेक्टर-टू-सेक्टर फाईल. साडेतीन इंची असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणि विनइमेज, किंवा लिनक्सवर डीडी, काम होतं. सव्वापाच इंचीला यूएसबी ड्राइव्ह चालत नाही, तिथं एकतर त्याच जुन्या मशीनवर डॉसमधून इमेजडिस्क हा प्रोग्राम चालवा, नाहीतर ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड घ्या, त्याला जुना ड्राइव्ह ३४ पिनच्या केबलनं जोडता येतो. साधी सेक्टर इमेज निघाली की साईज बघा: ३६० केबीची ३,६८,६४० बाईट, ७२० ची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि १.४४ ची १४,७४,५६०. कमी भरली तर काहीतरी सुटलंय, पुढं जाऊ नका, हेड पुसून परत वाचा.

फ्लॉपीचा स्वभाव ओळखा

फ्लॉपी घालून डिर मारा. फाईलींची यादी आलीच नाही, "जनरल फेल्युअर" आलं किंवा भलतीच अक्षरं आली, पण हीच फ्लॉपी घालून मशीन चालू केलं तर प्रोग्राम मस्त सुरू होतो, तर तो स्वतः बूट होणारा प्रकार, त्याचं खाली बघू.

यादी आली तर चेकडिस्क ए: मारा आणि दोन ओळी वाचा. एक, हिडन फाईल किती आहेत. फ्लॉपी डॉसची बूट डिस्क असेल तर दोन हिडन फाईल असणारच, त्या डॉसच्याच, जास्त असतील तर कान टवकारा. दुसरी, बॅड सेक्टर. तशा ठणठणीत फ्लॉपीवर नेमके थोडेच बॅड सेक्टर दिसले तर ती खराबी नसून कंपनीनं मुद्दाम केलेलं कुलूप असण्याची शक्यता भरपूर.

डीबेसचे प्रोग्राम असतील आणि पीआरजी फाईली (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सोबत असतील तर तुमची लॉटरीच लागली, त्या साध्या टेक्स्ट फाईली आहेत. टाईप कमांडनं वाचा आणि "सेट डिफॉल्ट टू" कुठं लिहिलंय ते बघा.

साधी कॉपी, पण नीट

हार्ड डिस्कवर डिरेक्टरी करा, समजा सी:\मजुरी, आणि एक्सकॉपी स्लॅश एस स्लॅश ई लावून सगळं आणा. डॉसची एक्सकॉपी हिडन आणि सिस्टिम फाईली मुकाट्यानं सोडून देते, एरर सुद्धा देत नाही. त्या आणायच्या तर आधी अॅट्रिब मायनस एच मायनस एस करावं लागतं, आणि तुम्ही तर फ्लॉपी राईट प्रोटेक्ट केलीय, त्यामुळं ते होणार नाही. म्हणून इमेजवरून दुसरी फ्लॉपी बनवायची आणि हे सगळे उद्योग त्या दुसरीवर करायचे. नाहीतर लॅपटॉपवर विनइमेजमध्ये इमेज उघडून फाईली काढून घ्या.

एकापेक्षा जास्त फ्लॉपी असतील तर नावं सारखी नाहीत ना ते आधी बघा. नसतील तर सगळ्या एकाच डिरेक्टरीत ओता, बहुतेक इन्स्टॉलर डिस्क २ मागताना एखादी खुणेची फाईलच शोधतात, ती सापडली की पुढं जातात. काही मात्र व्हॉल्यूम लेबल वाचतात, तिथं ही युक्ती चालत नाही.

मग त्या डिरेक्टरीत जाऊन प्रोग्राम चालवा. चालला तर चालला. "टू मेनी फाईल्स ओपन" सारखं काही आलं तर कॉन्फिग.सिस मध्ये फाईल्स=४० आणि बफर्स=२० टाका, डीबेसवाल्यांना हे लागतंच. "इनकरेक्ट डॉस व्हर्जन" आलं तर सेटव्हर, त्यानं प्रोग्रामला पाहिजे तो डॉसचा आकडा सांगता येतो. आणि प्रोग्राम सुरू होऊन ओव्हरले (प्रोग्रामचाच वेगळा ठेवलेला तुकडा) किंवा हेल्प फाईल सापडत नाही म्हणाला तर लक्षात घ्या की पाथमुळं डॉस फक्त चालवायच्या फाईली शोधतो, बाकीच्या फाईलींसाठी अपेंड ही वेगळी कमांड आहे. अपेंड मला स्वतःला आवडत नाही, कारण फाईल उघडते एका डिरेक्टरीतून आणि सेव्ह होते तुम्ही उभे असाल तिथं, मग एकाच वहीच्या दोन प्रती आणि कुठली खरी यावरून भांडण. प्रोग्रामच्या डिरेक्टरीत जाऊनच तो चालवलेला बरा.

ए आणि बी ड्राइव्हचा हट्ट

सगळ्यात जास्त केसेस इथल्याच. प्रोग्राम हार्ड डिस्कवर आला, सुरू पण झाला, आणि मेन्यूत "हजेरी" दाबलं की फ्लॉपीचा लाईट लागतो, घर्रर्र होतं आणि "अबॉर्ट, रिट्राय, फेल". त्याला डेटा बी ड्राइव्हवर पाहिजे. एकच फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या मशीनवर तर अजून मजा, डॉस त्याच ड्राइव्हला ए आणि बी दोन्ही समजतो आणि बी साठी फ्लॉपी घालून की दाबा म्हणून सांगतो, ऑपरेटर बिचारा तीच फ्लॉपी काढून परत घालत बसतो.

इथं सब्स्ट कामाला येते, स्पेलिंग एस-यू-बी-एस-टी. डॉस ३.१ पासून आहे. डिरेक्टरीलाच ड्राइव्हचं अक्षर देते, आणि ए किंवा बी पण देता येतं. प्रोग्रामला वाटतं आपण फ्लॉपीच्या रूटवरच आहोत. याचा अजून एक फायदा असा की ज्या जुन्या प्रोग्रामना सब-डिरेक्टरी हा प्रकारच कळत नाही, वर्डस्टार ३.३ सारखे, ते पण शांत बसतात कारण त्यांना डिरेक्टरी दिसतच नाही.

डेटाच्या फ्लॉपीसाठी सी:\मजडेटा ही वेगळी डिरेक्टरी करून तिच्यातलं सगळं तिथं आणा, आणि एक बॅच फाईल करा (मेन म्हणजे तुमच्या प्रोग्रामचं नाव):

@एको ऑफ
सब्स्ट ए: सी:\मजुरी
सब्स्ट बी: सी:\मजडेटा
ए:
मेन
सी:
सब्स्ट ए: /डी
सब्स्ट बी: /डी

शेवटच्या तीन ओळी गाळू नका. सब्स्ट चालू असेपर्यंत खरा फ्लॉपी ड्राइव्ह त्या अक्षरावर दिसत नाही, आणि मग कोणी ए: वर फाईल "बॅकअप" घेतली तर ती हार्ड डिस्कवरच जाते, मालकाला वाटतं फ्लॉपीवर गेली. आणि अक्षर सोडवायच्या आधी सी: वर परत यावं लागतं, ज्या ड्राइव्हवर उभे आहात तोच काढून टाकता येत नाही. सब्स्ट चालू असताना त्या अक्षरावर चेकडिस्क, फॉरमॅट, डिस्ककॉपी, लेबल असलं काही चालवायचं नाही.

जुन्या पुस्तकांत असाईन कमांड पण सापडेल, ए बरोबर सी असं लिहायचं. ती अख्खा ड्राइव्हच वळवते, डिरेक्टरी नाही, आणि डॉस ६ च्या नेहमीच्या डिस्कमधून मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकली. सब्स्ट असताना तिच्या नादी लागायचं कारण नाही.

अक्षरच बदलून टाकायचं असेल तर

सब्स्टनं काम झालं तरी एक अडचण राहते, रोजचा बॅकअप खऱ्या फ्लॉपीवर किंवा गोटेकवर (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा पेनड्राइव्हवाला डबा) घ्यायचा असेल तर ए: मोकळा पाहिजे. मग प्रोग्राममध्येच ए चं दुसरं अक्षर करायचं. पीआरजी फाईल असेल तर एडिटमध्ये उघडून बदला, संपलं. क्लिपरनं (डीबेसच्या प्रोग्रामची ईएक्सई करणारा कंपायलर) कंपाईल केलेली ईएक्सई असेल तर पोटात शिरावं लागतं.

मी मजुरीला सब्स्टनं एम: देतो. कॉन्फिग.सिस मध्ये लास्टड्राइव्ह=झेड पाहिजे, नाहीतर एम पर्यंत डॉस पोचतच नाही. मग ईएक्सईची एक कॉपी बाजूला ठेवा आणि कामाच्या कॉपीचं नाव मेन.एक्स असं काहीतरी करा. नाव बदलायचं कारण, डॉससोबत येणारा डिबग हा प्रोग्राम ईएक्सई फाईल उघडतो पण परत लिहू देत नाही. आता डिबग मेन.एक्स, बारीक डॅश येईल. तिथं

एस १०० एफएफएफएफ "ए:"

म्हणजे १०० पासून शेवटपर्यंत ए कोलन शोध. एकाखाली एक पत्ते येतील, समजा एक आला २एफ३ए. लगेच बदलायचं नाही. आधी डी २एफ३ए मारून उजवीकडचा मजकूर वाचा. पुढं फाईलचं नाव दिसलं, वेजेस.डीबीएफ वगैरे, तर हा आपला माणूस. नुसताच कचरा असेल तर ते मशीन कोडमधले योगायोगानं जुळलेले बाईट आहेत, त्याला हात लावला की प्रोग्राम लटकणार. खात्री झाली की ई २एफ३ए ४डी, कारण ए म्हणजे हेक्समध्ये ४१ आणि एम म्हणजे ४डी. सगळे बदलले की डब्ल्यू, मग क्यू, आणि नाव परत ईएक्सई. एकास एक अक्षर बदलतोय म्हणून हे जमतं, एक अक्षर जरी वाढवलं तरी सगळं सरकतं. लहान लिपीतला ए पण वेगळा शोधा, त्याचा हेक्स ६१, एम चा ६डी.

क्लिपरच्या फाईली मात्र ६४ केबीच्या वर असतात आणि डिबगचा एक शोध एका सेगमेंटपुरताच, पुढं बघायचं तर सेगमेंटचा आकडा हेक्स १००० नं वाढवून परत शोधत बसायचं. खरं सांगू का, फाईल लॅपटॉपवर नेऊन एचएक्सडी सारख्या हेक्स एडिटरमध्ये पाच मिनिटांत होतं, डिबगचा हट्ट फक्त तिथं दुसरं काहीच नसेल तर. शोधून काहीच सापडलं नाही तर फाईल पीकेलाईट किंवा एलझेडईएक्सईनं दाबलेली असू शकते, आधी ती उलगडावी लागते.

ओरिजिनल डिस्क मागणारे

लोटस १-२-३ च्या जुन्या आवृत्त्या हार्ड डिस्कवर टाकल्या तरी सुरू होताना ओरिजिनल डिस्क मागायच्या. असले प्रोग्राम बायोसकडून (मदरबोर्डच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) थेट एखादा ठराविक सेक्टर वाचून बघतात, त्यामुळं सब्स्टनं ते फसत नाहीत, सब्स्टचं सोंग डॉसपुरतंच आहे. साध्या इमेजमध्येही तो विचित्र सेक्टर येत नाही, ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्सनं फ्लक्स लेव्हलची, म्हणजे चकतीवरच्या चुंबकीय खुणांची जशीच्या तशी, इमेज काढावी लागते. काही कंपन्या हार्ड डिस्कवर "इन्स्टॉल" करू देत आणि तिथं ठराविक जागी हिडन फाईल ठेवत, अशा मशीनवर डीफ्रॅग चालवलं की फाईल हलते आणि परवाना मेला. तसं सॉफ्टवेअर दिसलं तर डीफ्रॅग नाही, आणि डिस्क बदलायच्या आधी त्याचंच अनइन्स्टॉल करून परवाना फ्लॉपीवर परत घ्यायचा. प्रिंटर पोर्टला डोंगल (परवान्याची छोटी डबी) असेल तर प्रश्न फ्लॉपीचा नाहीच.

स्वतः बूट होणारे

मायक्रोसॉफ्टचा १९८२ चा फ्लाईट सिम्युलेटर असाच होता, डॉस नाही, काही नाही, फ्लॉपी घाला आणि मशीन चालू करा. आपण क्लासमध्ये लपून खेळायचो तो डिगर सुद्धा, विंडमिल सॉफ्टवेअरनं १९८३ ला काढला तेव्हा बूट होणारी फ्लॉपीच होती, आपल्यापर्यंत जी कॉम फाईल आली ती कुणीतरी नंतर तोडून डॉससाठी केलेली. अशा फ्लॉपीवर कॉपी करायला फाईलच नसते, त्यामुळं हार्ड डिस्कवर टाकायचा विषयच संपतो. खऱ्या मशीनवर गोटेक लावा, त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकलं की आयएमजी फाईली तशाच चालतात. आधी जम्पर बघा, पीसीच्या पीळवाल्या केबलवर तो बहुतेक एस१ वर लागतो, लाईट सतत पेटून राहिला तर केबल उलटी लागलीय.

हार्ड डिस्क कुठली

जुनी डिस्क घरघरत असेल तर एवढी मेहनत तिच्यावर करू नका. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई अडॅप्टर लावा, कार्ड तसंही आयडीईचीच भाषा बोलतं. बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट असेल तर ते, नसेल तर टाईप ४७ घेऊन सिलिंडर, हेड, सेक्टर हातानं भरा. जुन्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही, काही बिघडत नाही. एफडिस्कनं प्रायमरी पार्टिशन करून अॅक्टिव्ह करा, मग फॉरमॅट सी: /एस. बूट झालं नाही तर एफडिस्क /एमबीआर. पार्टिशन छोटंच ठेवा, फ्लॉपीच्या काळातले काही प्रोग्राम आधी मोकळी जागा मोजतात आणि शेकडो एमबी बघून त्यांचं गणित उलटं जातं, "डिस्क फुल" म्हणतात. मी अशांसाठी ३२ एमबीच्या आतलं वेगळं डी: करतो. आणि बॅकअपला कार्ड काढून सरळ लॅपटॉपच्या रीडरमध्ये घालता येतं.

मशीन उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची पिंपासारखी बॅटरी बघा, हिरवट चिकट दिसलं तर आजच काढा.

मशीनच गेलं असेल तर

६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालतच नाहीत. एक्सपीवाल्या पीसीवर सब्स्ट ए: केलं आणि "ड्राइव्ह ऑलरेडी सब्स्टेड" आलं तर डिव्हाइस मॅनेजरमधून फ्लॉपी ड्राइव्ह डिसेबल करा, मग घेतो. नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुन्या डॉस पीसीचं सोंग घेणारा प्रोग्राम): माऊंट कमांडला डिरेक्टरी देऊन टाईप फ्लॉपी सांगितलं की तीच ए: होते, इमेज असेल तर आयएमजीमाऊंट, एकामागं एक नावं दिली की कंट्रोल एफ४ नं फ्लॉपी बदलते, आणि डिगरसारख्यांना बूट कमांड. फक्त मजुरीची पत्रकं छापायची असतील तर साधा डॉसबॉक्स घेऊ नका, त्याला प्रिंटरचा सपोर्ट नाही, डॉसबॉक्स-एक्स घ्या.